गुण संख्येचा की लिखाणाचा?

संख्यांच्या गमतीजमती सांगणारी पुस्तके मुले आवडीने वाचतात. आमची तक्रार त्या गमतींबद्दल नाही. सगळे गुण एकाच टोपलीत टाकण्याबद्दल आहे.

४९३७७७५ ही संख्या घ्या. तिचे मूळ अवयव ३, ५, ५ आणि ६५८३७. ती विषम आहे, संयुक्त आहे. तिला स्वतःला सोडून तिच्या सर्व विभाजकांची बेरीज येते ३२२६१३७, म्हणजे तिच्याहून कमी. म्हणून ती न्यून संख्या. शिवाय तिच्या अंकांची बेरीज ४२ आणि मूळ अवयवांच्या अंकांची बेरीजही (३+५+५+६+५+८+३+७) ४२! अशा संयुक्त संख्यांना अल्बर्ट विलान्स्की यांनी १९८२ साली ‘स्मिथ संख्या’ असे नाव दिले.

आता हीच संख्या अष्टमान पद्धतीत लिहू : २२६५४०५७. अंकांची बेरीज ३१. अवयवांपैकी ६५८३७ चे रूप होते २००४५५. ३, ५, ५ तसेच राहतात. त्यांच्या अंकांची बेरीज २९. स्मिथपण गेले! विषम, संयुक्त, न्यून हे गुण मात्र जागच्या जागी आहेत. ते संख्येचे गुण; स्मिथपण हा तिच्या दशमान लिखाणाचा गुण. पुस्तकांनी हा फरक सांगायलाच हवा.

मग लिखाणाचे गुण टाकाऊ समजायचे का? जी. एच. हार्डी यांनी ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ (१९४०) या पुस्तकात जवळजवळ तसेच केले. अंक उलटे लिहून मिळणाऱ्या संख्येच्या चौपट ८७१२ आणि नऊपट ९८०१ ही त्यांची उदाहरणे. कोड्यांच्या सदराला हे ठीक, पण यातून व्यापक असे काही निघत नाही, असा त्यांचा निकाल.

आम्हाला हा निकाल घाईचा वाटतो. ९ × १०८९ = ९८०१. अष्टमानात करून पाहा : ७ × १०६७ = ७६०१. पुन्हा उलटे अंक! पाया ‘प’ मानला तर १, ०, प−२, प−१ या अंकांची संख्या म्हणजे (प−१)(प+१)². तिला प−१ ने गुणले की (प²−१)² मिळते आणि त्याचे अंक येतात प−१, प−२, ०, १. म्हणजे दशमानातल्या गमतीमागे सर्व पायांना (प ३ किंवा अधिक) लागू पडणारा नियम होता. नववीच्या मुलांनाही तो पडताळता येईल.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर अशाच अंकखेळांत आयुष्यभर रमले. ६१७४ चा त्यांचा १९४९ चा शोध आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. हार्डींच्या कसोटीवर तोही कोड्यांच्या सदरातच गेला असता.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना एवढीच : मुलाने एखादी गंमत आणली की ‘छान’ म्हणून थांबू नका. पाया बदलला तर ती टिकते, नाहीशी होते की नव्या रूपात परत येते, हे त्यालाच करून पाहू द्या.