फरक दिसला नाही, म्हणून फरक नाही?

मागच्या दिवाळीत ताईने मला विचारलं, "अगं, तू एवढे पेपर वाचतेस, सांग बरं, चिऊला कारसीट घेऊ का? हे म्हणतात, उगाच खर्च." चिऊ म्हणजे माझी भाची, तेव्हा तीनला थोडी कमी होती. मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, "दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना साधा सीट बेल्ट आणि कारसीट सारखंच. शिकागो विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञाचा पेपर आहे." ताईने सीट घेतली नाही. भावजी खूश.

आता कबुली देते. त्या पेपरचा मी फक्त सारांश वाचला होता आणि लेखकाचं एक भाषण ऐकलं होतं. घरच्या माणसाने मुलाच्या जिवाशी संबंधित प्रश्न विचारला आणि मी सारांशावर उत्तर दिलं. नंतर पेपर पूर्ण वाचला, त्याला उत्तर म्हणून आलेला दुसराही वाचला. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर ही जोडी एकत्र वाचाच. पेपर कसा वाचायचा हे मला कुठल्याही मेथडॉलॉजीच्या पुस्तकापेक्षा या दोघांनी जास्त शिकवलं.

पहिला पेपर स्टीव्हन लेविट यांचा. 'फ्रीकॉनॉमिक्स'वाले तेच. २००५ मध्ये तो वर्किंग पेपर म्हणून आला, त्याच वर्षी त्यावर न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात लेख झाला, आणि २००८ मध्ये अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला. अमेरिकेत १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत लहान मुलांना कारसीटमध्ये बसवण्याचे कायदे झाले होते. लेविट यांचा प्रश्न असा की, एवढं सगळं केलं, पण ही महागडी सीट गाडीत आधीपासून असलेल्या बेल्टपेक्षा जास्त जीव वाचवते का? प्रश्न उत्तम आहे. 'सगळ्यांना माहीतच आहे' अशा गोष्टीचा पुरावा मागणं हे आपलं कामच आहे.

त्यांनी १९७५ ते २००३ चा अपघातांचा राष्ट्रीय डेटा वापरला. अमेरिकेत फार्स नावाची नोंद ठेवतात. रस्त्यावरच्या अपघातात निदान एक माणूस ३० दिवसांच्या आत दगावला, तर तो अपघात त्यात नोंदवला जातो. नाहीतर नाही. इथे थांबा, कारण सगळी गोम इथेच आहे.

समजा एक बाई मुलाला घेऊन एकटी गाडी चालवतेय आणि गाडी झाडावर आदळली. मूल कारसीटमध्ये होतं, वाचलं. बाईही वाचली. कोणी मेलं नाही, म्हणून हा अपघात डेटात नाहीच. तसाच दुसरा अपघात, पण मूल मोकळं होतं आणि दगावलं, तर तो आहे. म्हणजे सीटने केलेलं चांगलं काम डेटातून आपोआप गळतं. ज्या साधनाने जीव वाचतो त्याचं यशच नोंदवहीत येत नाही. याला आपण सिलेक्शन बायस म्हणतो. व्याख्या नेटच्या परीक्षेत सगळ्यांना येते, पण समोर आला की ओळखता येत नाही. मला आला नव्हता.

लेविट यांना अर्थातच माहीत होतं. त्यावर त्यांनी जो उपाय केला, तो मला अजूनही सुंदर वाटतो. त्यांनी दोन गाड्यांची टक्कर झालेले अपघात वेगळे काढले आणि त्यातले असे घेतले ज्यात समोरच्या गाडीतलं कोणीतरी दगावलं. मग आपल्या गाडीतलं मूल वाचो किंवा न वाचो, तो अपघात डेटात येणारच. बायस कापला गेला. या गटातही दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत सीट आणि बेल्ट यांत फरक दिसला नाही. आणि हे महत्त्वाचं, मोकळ्या बसलेल्या मुलांपेक्षा दोन्ही गट कितीतरी सुरक्षित होते.

आता टीका. पहिली गोष्ट म्हणजे हा उपाय फुकट मिळत नाही. समोरच्या गाडीत माणूस दगावण्याइतका जोराचा धक्का असलेले अपघातच आता शिल्लक राहतात. अशा धक्क्यात कदाचित कशाचाच फार उपयोग होत नसेल. मध्यम जोराच्या अपघातात सीट आणि बेल्ट यांत फरक असेल, तर तो या चाळणीतून दिसणार कसा? दुसरी, मोजमाप मृत्यूचं आहे. लहान मुलाच्या ओटीपोटाची हाडं पुरती वाढलेली नसतात, त्यामुळे मोठ्यांचा बेल्ट कंबरेवरून सरकून पोटावर येतो आणि धक्क्यात आतड्यांना, मणक्याला इजा होते. मूल जगतं, पण 'जगलं' या रकान्यात ते धडधाकट मुलाशेजारीच बसतं. न्याय करायचा तर सांगते, लेविट यांनीच जोसेफ डॉइल यांच्यासोबत २०१० मध्ये इजांवर वेगळा पेपर लिहिला. त्यात गंभीर इजांत फरक दिसला नाही, किरकोळ इजा मात्र सीटमुळे २५ टक्क्यांनी कमी दिसल्या.

दुसरा पेपर २००६ चा, बालरोगांच्या नियतकालिकातला. एलियट, कॅलन, डर्बिन आणि विन्स्टन. यांनी वेगळी वाट धरली. मृत्यू फार्समधून घेतले, आणि वाचलेल्यांचा अंदाज दुसऱ्या एका नमुना पाहणीतून घेतला, जिच्यात कोणी न दगावलेले अपघातही असतात. म्हणजे झाडावर आदळलेली ती बाई इथे सापडते. शिवाय गाडीचा प्रकार, मुलाची जागा, चालकाचं वय हे सगळं हिशेबात धरलं. चालक वाचला का, हेसुद्धा धरलं, म्हणजे धक्का किती मोठा होता याचा अंदाज येतो. निष्कर्ष असा की, नीट वापरलेल्या सीटमुळे मृत्यूचा धोका बेल्टच्या तुलनेत २८ टक्क्यांनी कमी.

मी इथे "हुश्श, सीटवाले जिंकले" म्हणून पेपर मिटवणार होते. पण मग मी माझीच चूक दुसऱ्या बाजूने केली असती. 'नीट वापरलेल्या' हे शब्द बघा. सीट गाडीला जोडलेलीच नाही, पट्टे लावलेलेच नाहीत, असे गंभीर चुकांचे प्रसंग वगळून २८ आले आहेत. ते धरले तर २१ टक्के, आणि सापेक्ष धोका ०.७९, त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.५९ ते १.०५. त्यात १ येतो!

इथे आपल्यापैकी निम्मे जण म्हणतील, "मॅडम, सिग्निफिकंट नाही, म्हणजे फरक नाही." नाही हो. त्याच इंटरव्हलमध्ये ०.५९ पण आहे, म्हणजे ४१ टक्के घट. डेटा दोन्ही शक्यतांशी जुळतो. 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि ताईला मी पहिल्याच्या जागी दुसरं सांगितलं होतं.

मग २१ खरं की २८? दोन्ही, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून. सरकार विचारतं, कायदा केला तर लोक जशी वापरतील तशा वापरात किती जीव वाचतील? तिथे चुका धरूनच हिशेब करायला हवा. आई विचारते, मी नीट बसवली तर माझ्या मुलीला किती फायदा? तिला २८ च्या जवळचा आकडा लागतो. (तरी एक शंका राहतेच. सीट नीट बसवणारे पालक गाडीही सांभाळून चालवत असतील, ते या आकड्यात मिसळलं असेल.) लेविट यांच्या सारांशातसुद्धा 'प्रत्यक्ष वापरात' असे शब्द आहेत. मी ते डोळ्यांखालून घातले आणि पुढे गेले.

यावरच पुढे दुसऱ्या संशोधकांनी अमेरिकेतले कारसीटचे कायदे आणि घटलेले जन्म यांचा संबंध जोडणारा पेपर लिहिला, कारण मागच्या सीटवर तीन कारसीट मावत नाहीत. वाचायला भारी आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आपल्याकडे काय? २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने कलम १९४ब आणलं. चौदा वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा चाइल्ड रिस्ट्रेंटने बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. ते 'किंवा' बघा. तीन वर्षांची चिऊ आणि तेरा वर्षांचा शेजारचा मुलगा यांना एकच वाक्य लागू. अमेरिकेत ज्यावर एवढा वाद झाला, तो प्रश्न इथे एका अव्ययात मिटला.

आणि आपली खरी तुलना बेल्ट आणि सीट यांची नाहीच. आमच्या सोसायटीतून सकाळी निघणाऱ्या गाड्या बघा, मूल पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर असतं. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर १३ किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे १८०० न्यूटन बल लागतं, म्हणजे १८० किलोचं ओझं पेलण्याइतकं. अकरावीचं गणित आहे, करून बघा. आजीचे हात ते पेलणार नाहीत. यावर दोन्ही पेपरांत वाद नाही, पण मी ताईला तेवढंच सांगायचं विसरले होते.

पाडव्याला गेले तेव्हा चिऊला मागच्या सीटवर बसवून बेल्ट लावून बघितला. वरचा पट्टा थेट गळ्यावर आला. तिने तो दोन मिनिटांत पाठीमागे टाकला. साधारण १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत हा पट्टा नीट बसत नाही, आणि ती आहे ९३. ताईला म्हटलं, "मी तुला चुकीचं सांगितलं होतं." ती म्हणाली, "मग आता बरोबर काय ते सांग, आकडे नकोत."

भावजींनी सीट मागवली. ती बसवायला आम्हां तिघांना पाऊण तास लागला. माहितीपत्रक हातात धरून, दोनदा उलटी लावून. नीट बसली तर ती पट्ट्यापाशी हलवून बघितल्यावर इंचभराहून जास्त हलायला नको. आमची चांगली तीन-चार इंच सरकत होती. भावजी म्हणाले, "चालेल की एवढं." 'प्रत्यक्ष वापरात' म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आम्ही ती परत काढली.