कॉफीची नमुना सही

भाचा बंगळूरला नोकरीला लागला तेव्हा पहिल्या खेपेला म्हैसूरपाक आणील अशी आमची माफक अपेक्षा होती. त्यानं आणली कॉफी. पाव किलोचं पाकीट. किंमत वाचल्यावर मी ते दोन्ही हातांनी धरलं. वर छापलं होतं : 'चिकमगळूर. नॅचरल. ब्लूबेरी, जाई, डार्क चॉकलेट.' आत पाहतो तो नुसती कॉफी.

"मामा, ते घातलेलं नसतं. लागतं."

"कोणाला?" मी विचारलं. माझा प्रश्न प्रामाणिक होता.

रविवारी सकाळी त्यानं रीतसर परीक्षा मांडली. या विधीला कपिंग म्हणतात. १५० मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी. पाणी उकळून किंचित निवालेलं, ९३ अंशांच्या आसपास. चार मिनिटं कोणी हात लावायचा नाही. मग वर जमलेला चोथ्याचा थर चमच्यानं फोडायचा आणि त्याच क्षणी नाक कपावर न्यायचं. थर काढून टाकायचा, जरा थांबायचं, आणि चमचाभर कॉफी सुर्रकन ओढायची. जितका आवाज मोठा तितका परीक्षक जाणता. बशीतला चहा फुरकून पितो म्हणून मी लहानपणापासून बोलणी खात आलो. तेच कर्म आता शास्त्रात बसलं!

पण आवाजाला कारण आहे. जीभ ही फार लहान शाखा. कडू, आंबट, गोड, खारट असली चार-पाचच खाती तिच्याकडे. बाकीचा व्यवहार नाकाच्या शाखेत चालतो, आणि तोही घशामागच्या दारानं. सुर्रकन ओढलं की कॉफीचा वास त्या दारानं वर जातो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून प्या. कडू गरम पाणी लागेल. २०२१ साली करोनानं ही चिमटी मला तीन आठवडे फुकटात लावून दिली होती. आईनं जायफळ घालून कॉफी केली, "जमल्ये का?" म्हणून विचारलं, आणि मी "फक्कड" म्हटलं. मला कॉफीही लागली नव्हती आणि जायफळही.

दुसरं खोटं या रविवारचं. "ब्लूबेरी येते का, मामा?" भाच्यानं विचारलं. मी डोळे मिटून म्हणालो, "येते की! भरपूर येते." आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे विचारलं, "कशी असते हो ब्लूबेरी?"

"निळी," मी म्हणालो.

आता बघा, चेकवरची सही पडद्यावरच्या नमुना सहीशी ताडल्याशिवाय मी पुढे सोडत नाही. वीस वर्षांत सोडलेली नाही. आणि जे फळ जन्मात खाल्लं नाही त्याची सही मी डोळे मिटून पास केली! भाच्यानं मग स्वादाचं चक्र दाखवलं. अमेरिकेतल्या स्पेशॅल्टी कॉफीवाल्यांनी ते १९९५ साली केलं आणि २०१६ साली सुधारलं. सुधारणेला आधार एका कोशाचा. त्यात ११० गुण, आणि गुणांसमोर तिकडच्या दुकानात मिळणारे नमुना पदार्थ, तीव्रतेचे आकडे शून्य ते पंधरा. म्हणजे मूळ मंडळींचा हिशेब चोख आहे. त्यांनी नमुना सह्या जमवल्या, मगच शब्द वापरले. माझी तक्रार पाकीट छापणाऱ्यांशी. त्यांनी शब्द आणले, नमुने तिकडेच ठेवले. ज्या वाण्याकडे ब्लूबेरी मिळत नाही त्या वाण्याच्या गिऱ्हाइकानं ती कपात कशी शोधावी? मग ते आमच्यासारखं मान डोलावतं.

एवढ्यात आई आली. मूळची रत्नागिरीकडची. तिनं चमचा घेतला, आमच्या सगळ्यांहून मोठ्यानं ओढला आणि म्हणाली, "आधी आमसुलाच्या पाण्यासारखी. मग जांभूळ. पण पिकून जरा पुढे गेलेलं हो. आणि तळाशी गूळ करपल्यासारखं."

भाचा गप्प झाला. त्यानं पुन्हा चाखली. ही कॉफी फळासकट वाळवतात, आत बी आणि भोवती आंबू लागलेला गर. 'पिकून पुढे गेलेलं' याहून नेमकं कुठल्याच पाकिटावर मी वाचलेलं नाही. त्यानं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

दुसरं पाकीट होतं मॉन्सून्ड मलबारचं. शिडाच्या जहाजांतून युरोपला पोचेतो महिनेच्या महिने दमट हवेत हे दाणे फुगत, फिकट होत, आणि तिकडच्या लोकांना तीच चव लागली. आगबोटी आल्या, प्रवास आटोपशीर झाला, चव गेली. म्हणून आता पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत दाणे मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर पसरतात. आंबटपणा जवळजवळ जातो. आईनं कप नुसता हुंगला. "श्रावणातलं गोणपाट," ती म्हणाली आणि कप सौभाग्यवतींकडे सरकवला. मला मात्र ही आवडली. आमच्या जुन्या शाखेच्या रेकॉर्ड रूमचा वास आहे तिला.

उरलेली ब्लूबेरी आईनं दुधात उकळली, साखर घातली, वर जायफळ किसलं. भाच्यानं तोंड फिरवलं. कप माझ्यापुढे आला.

"जमल्ये का?"

मी सुर्रकन ओढली. थांबलो. म्हटलं, "जायफळ अंमळ जास्त झालंय."

"मागेही झालं होतं," आई म्हणाली. "तेव्हा बोलला नाहीस."