गुत्त्यावर जात नव्हती म्हणे!

गिरणगावच्या आठवणींचं हल्ली पीक आलंय. दिवाळी अंक उघडा, रविवारची पुरवणी उघडा, भोंगा वाजतोच. ज्या भोंग्यानं आमच्या बापजाद्यांची झोप मोडली, त्याच्यावर लिहिताना आता पांढरपेशा लेखकाचा गळा दाटून येतो. चाळ, भजन, गणपती, खानावळ, कामगार रंगभूमी आणि मग हमखास गुत्ता. गुत्त्याचा परिच्छेद आला की त्यात एक वाक्य असतंच. तिथं कोण कुठल्या जातीचा हे कुणी विचारत नव्हतं, सगळे एका बाकावर. दोस्तांनो, या एका वाक्याची मला झडती घ्यायचीय. कारण छापून छापून हे वाक्य इतिहास व्हायला लागलंय.

गुत्ता खोटा नव्हता. आधी पिठा आणि ताडीमाडीचं दुकान. १९४९ च्या कायद्यानं दारूबंदी आली तशी हातभट्टी आणि आंटीचा अड्डा. मग १९७३ च्या नियमांनंतर देशी बार. एका खोलीत पाळीपाळीनं अंथरूण टाकणाऱ्या माणसाला पाठ टेकायची मारामार, तो बसणार कुठं? रस्त्यावर, चहाच्या हॉटेलात, तालमीत, गुत्त्यावर. राजनारायण चंदावरकरांनी मुंबईच्या कामगारांचा इतिहास लिहिताना हे नीट ओळखलं, की कामगाराचं जगणं गिरणीच्या दारात संपत नाही, ते वस्तीत चालतं. नोकरी मुकादमाच्या हातात, मुकादमाची ओळख गाववाल्याकडून, खोली आणि उधारीही त्याच साखळीतनं. म्हणजे बाकावर कोण कुणाच्या शेजारी बसला यावर उद्या बदलीचं काम कुणाला मिळणार ते ठरायचं. आणि गाववाला म्हणजे कोण? या शब्दात गावकुसाबाहेरचा येतो का? आठवणी लिहिणारा नेमका इथं गप्प.

बरं, रात्रीचं सोडा. दिवसाचं बघू.

विणकाम खात्यात पगार जास्त. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून काढावं लागायचं. मग एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला! म्हणून अस्पृश्यानं साच्यावर उभंच राहायचं नाही, रिंग खात्यातच मरायचं. ही बंदी एकट्या मालकाची नव्हती, शेजारच्या साच्यावरच्या कामगाराचीपण होती. १९२८ चा सहा महिन्यांचा संप सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवायची मागणी लावून धरली, ते या गोड आठवणींत सापडत नाही. ज्याच्या ओठाचं सूत दिवसा चालत नव्हतं, त्याच्या ओठाचा गिलास पाळी सुटल्यावर चालायला लागला? कुठं चाललाही असेल. नशेत माणूस पुष्कळ विसरतो. सकाळच्या पाळीला त्याला परत सगळं आठवायचं, मुद्दा तो आहे.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा गिरणगावची नाही. ती सुरतेकडच्या रेल्वे कामगारांत घडते. त्याच नावाचा संग्रह १९६३ चा. पण त्या गुत्त्याच्या वाक्यावर याहून चांगली टीका मी वाचलेली नाही. त्यातल्या माणसाला नोकरी मिळते, खोली मिळते, मान मिळतो. जात कळेपर्यंत. कळली की मार. 'कुणी विचारत नव्हतं' म्हणजे काय, ते बागुल दाखवतात. समजलेलं नव्हतं, म्हणून चाललं होतं.

आणि जिथं समजलेलं होतं तिथं? १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बी.डी.डी. चाळी पेटल्या. ५ तारखेला दलित पँथरची सभा उधळली, १० तारखेला परळच्या मोर्चावर वरून दगड पडला आणि भागवत जाधव गेला. इमारतीला इमारत लागून, एकाच भोंग्यावर उठणारी माणसं, आणि चौकशीला भस्मे आयोग नेमायची पाळी आली. तो सगळ्यांचा एक बाक त्या आठवड्यात कुठं होता?

एकजूट झालीच नाही असं मी म्हणत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ ला काळ्या कामगार कायद्याविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर गेले. पण ती एकजूट जातीचा सवाल तोंडावर मांडून झाली होती, तिच्यावर झाकण ठेवून नाही.

आता नवे गुत्ते. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. नंतर एकेक गिरणी बसली. १९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीतला वाटा मोकळ्या जागेला आणि घरांना होता, २००१ च्या बदलानं तो खुरटला. लोअर परळला मॉल आले, गिरणीच्या आवारात पब आले. एका पबानं तर नावच गिरणीचं लावलंय. विटा उघड्या ठेवायच्या, लोखंड गंजलेलं दाखवायचं, फिनिक्सची चिमणी उभी ठेवायची. धूर नाही, घाम नाही, नुसता देखावा. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबांना आग लागून १४ माणसं गेली, तेव्हा कळलं की या देखाव्यात माणसाला बाहेर पडायची वाटसुद्धा धड नाही. पबवाला चिमणी विकतो, आठवणवाला बाक विकतो. रिंग खात्यातला माणूस दोघांच्याही मालात नाही.

या गर्दीत 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' हे पुस्तक मला वेगळं वाटतं. कारण त्यात कामगार आपल्या तोंडानं बोलतात. लेखिका मधे फार लुडबुडत नाहीत.

आता आपल्या घरचं. आपणपण काही कमी झाकत नाही. पंचशीलात मद्य वर्ज्य, म्हणून आपल्या लिखाणात बाप कधी पीतच नाही आणि मावशी कधी भट्टी लावत नाही. दया पवारांनी १९७८ ला 'बलुतं'मधे नागपाड्याचा कावाखाना आहे तसा मांडला, तर आपल्यातलेच शिकलेले अंगावर धावले. उकिरडा कशाला उकरता म्हणे! अरे, दारूबंदीच्या काळात पोट जाळायला जिनं हंडा चढवला, हवालदाराचा हप्ता भरला, दारुड्यांच्या शिव्या खाल्ल्या, ती आपल्या इतिहासात येणार की नाही? दारू सोडा म्हणणं वेगळं आणि दारूत गेलेलं आयुष्य खोडून टाकणं वेगळं. आपण ते खोडलं म्हणूनच तो बाक दुसऱ्यांनी आपल्या सोयीनं रंगवला.

बी.डी.डी. चाळींचं पाडकाम चालू आहे. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांतली माणसं टॉवरात विखुरतील, म्हातारी तर निघूनच चाललीत. शाखेतल्या पोरांनी वही घेऊन आत्ता जावं. पुरुष बाकाचं सांगतील, ते लिहून घ्या. मग आत स्वयंपाकाच्या ओट्याशी बसा आणि म्हाताऱ्यांना विचारा, पगाराच्या रात्री घरात किती रुपये पोचायचे, आणि नवऱ्याबरोबर बाकावर बसणारा तो दोस्त तुमच्या हातचं पाणी कधी प्यायला होता का.