न्यायमूर्ती कर्टिस यांचे भिन्नमत

कोर्टाचे निकालपत्र रस घेऊन वाचावे असे सहसा वाटत नाही. अमेरिकेतल्या ड्रेड स्कॉट खटल्यातले न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांचे भिन्नमत मात्र मला युक्तिवादकलेचा उत्तम नमुना वाटते.

लष्करी डॉक्टर जॉन इमर्सन आपला गुलाम ड्रेड स्कॉट याला घेऊन आधी इलिनॉय या गुलामगिरीमुक्त राज्यात राहिले, मग फोर्ट स्नेलिंगला. तो मुलूख १८२०च्या मिसूरी तडजोडीने गुलामगिरीला बंद होता. पुढे मिसूरीत, सेंट लुइसच्या कोर्टात, ड्रेड आणि त्याची पत्नी हॅरिएट यांनी १८४६ मध्ये स्वातंत्र्यासाठी दावे लावले. अकरा वर्षांनी, ६ मार्च १८५७ला, सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ड्रेडविरुद्ध निकाल दिला. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी लिहिले की, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज मुक्त असले तरी संविधानाच्या अर्थाने नागरिक नव्हेत. आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला मज्जाव करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही.

टॉनी इतिहासाविषयी सरसकट विधाने करतात. कर्टिस दप्तर उघडतात. राज्यसंघाचा पहिला करारनामा मंजूर झाला तेव्हा न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलिना या पाच राज्यांत मुक्त कृष्णवर्णीय पुरुष, बाकीच्या अटी पूर्ण करत असतील तर, मतदार होते. ज्या जनतेच्या नावाने संविधान घडले तिच्यात ते होतेच, मग त्यांना बाहेरचे कसे ठरवणार? यात नॉर्थ कॅरोलिनाचे नाव फार मोलाचे. ते दक्षिणेतले राज्य. तिथला दाखला उत्तरेचा पक्षपात म्हणून झटकता येत नाही.

त्याहून नेमका आहे २५ जून १७७८चा पुरावा. करारनाम्यात हक्क 'मुक्त रहिवाशां'ना दिले होते. तिथे 'गोऱ्या' ही अट घाला, अशी सूचना साउथ कॅरोलिनाच्या प्रतिनिधींनी मांडली. दोन राज्ये बाजूने, आठ विरोधात, एकाची मते विभागलेली. टॉनी संविधानात जी अट वाचू पाहत होते, ती राष्ट्राच्या जन्मकाळीच मांडली गेली होती आणि मतदानाने फेटाळली गेली होती. कर्टिस हे सांगताना आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच घाव खोल जातो.

माझ्या मते या लेखनाचा कळस विवाहाच्या मुद्द्यात आहे. ड्रेड आणि हॅरिएट यांचे लग्न त्या मुक्त प्रदेशात, मालकाच्या संमतीने झाले होते. विवाह म्हणजे नवराबायकोची, आईबापांची कायदेशीर कर्तव्ये आली. ती गुलामाला पार पाडता येत नाहीत. तेव्हा कायदेशीर लग्नाला संमती देणे म्हणजेच मुक्त करणे, असे कर्टिस म्हणतात. हजारो ओळींच्या कायदेशीर काथ्याकुटात इथे एकदम दोन माणसे आणि त्यांच्या मुली समोर उभ्या राहतात.

हा लेखक गुलामगिरीविरोधी चळवळीतला नव्हता. १८३६ मध्ये बॉस्टनमधल्या मेड नावाच्या गुलाम मुलीच्या खटल्यात तो मालकाच्या बाजूचा वकील होता. त्याच्या भिन्नमतात गुलामगिरीच्या क्रौर्याबद्दल संताप सापडत नाही, आणि ही उणीव मला सलते. पण हेही खरे की, अशा सावध माणसाने साक्ष दिली म्हणून तिचे वजन वाढले. न्यायाधीशांची वैयक्तिक मते संविधानाचा अर्थ ठरवू लागली तर संविधानच उरत नाही, हे त्याने सहकाऱ्यांना ठणकावले. टॉनींशी कडवट पत्रव्यवहार झाला, आणि निकालाच्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, कर्टिस यांनी राजीनामा दिला.

निकालाने उत्तर-दक्षिण वाद मिटेल, ही राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांची आशा फोल ठरली. गुलामगिरीचा विस्तार रोखणे हाच रिपब्लिकन पक्षाचा पाया होता. कोर्टाने तोच घटनाबाह्य ठरवला. डेमोक्रॅटिक पक्ष याच प्रश्नावर १८६०मध्ये दुभंगला आणि लिंकन निवडून आले. त्याआधी, २६ जून १८५७च्या स्प्रिंगफील्डच्या भाषणात, टॉनींना उत्तर देताना लिंकन यांनी कर्टिस यांच्या त्याच पाच राज्यांची नावे श्रोत्यांपुढे ठेवली होती.