पात्रांविषयीची पत्रे

लेखकाला पत्र लिहिणारा वाचक टीकाकारांच्या दृष्टीने नेहमीच थोडा हास्यास्पद ठरत आलेला आहे. अमुक पात्राच्या वाट्याला एवढे दुःख का दिलेत, तमुकाचे पुढे काय झाले, असे विचारणाऱ्याला कलाकृती आणि जीवन यांतील भेदच उमगलेला नाही, असे आपण मानतो. मीही पुष्कळ वर्षे तसेच मानीत असे. जे. आर. आर. टोल्कीन यांचा पत्रसंग्रह वाचल्यानंतर मात्र हे मत सोडावे लागले. हम्फ्री कार्पेंटर यांनी लेखकाचे चिरंजीव क्रिस्टोफर यांच्या साहाय्याने १९८१ साली तो प्रसिद्ध केला. २०२३ साली त्याची वाढविलेली आवृत्तीही निघाली.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही टोल्कीन यांची अद्भुत कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. तिचे कथासूत्र असे : जगावर सत्ता देणारी, परंतु धारण करणाऱ्याचे मन पोखरून टाकणारी एक अंगठी ज्या ज्वालामुखीत घडली त्यातच टाकून नष्ट करावयाची आहे. हे काम फ्रोडो या ठेंगण्या, शांतताप्रिय ‘हॉबिट’च्या शिरावर येते. सोबतीला त्याचा माळी सॅम. आणि वाटाड्या म्हणून गॉलम, त्याच अंगठीपायी पूर्वी भ्रष्ट झालेला एक दीनवाणा, कपटी जीव.

आवडत्या पात्रांइतकेच वाचकांना लेखकाच्या लेखनपद्धतीचेही कुतूहल असते, आणि टोल्कीन ते मोकळेपणाने पुरवितात. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक कोरे पान हाती आले आणि त्यावर हॉबिटविषयीचे पहिले वाक्य उमटले, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. विद्यापीठाचे काम उरकून उरलेल्या वेळात लिहावयाचे, टंकलेखकाचा मोबदला परवडत नाही म्हणून एवढा ग्रंथ स्वतःच टंकित करावयाचा, असा सारा खाक्या. रात्री फायली बाजूला सारून लेखणी उचलणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांना हा प्राध्यापक परका वाटणार नाही.

कवी ऑडन यांना १९५५ साली लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की खाणावळीच्या कोपऱ्यात बसलेला स्ट्रायडर कोण आहे हे फ्रोडोइतकेच आपल्यालाही ठाऊक नव्हते. फॅरामीरविषयी १९४४ साली मुलाला लिहिताना तर, हे पात्र आपण निर्मिलेच नाही, ते आपण होऊन चालत आले, अशी त्यांची भाषा आहे. कलावंताच्या अशा कबुल्या मोहक असतात; त्या जशाच्या तशा स्वीकारू नयेत. क्रिस्टोफर यांनी पुढे प्रसिद्ध केलेले कच्चे खर्डे पाहावेत. पुढे राजा होणारा हा स्ट्रायडर त्यांत आरंभी चक्क लाकडी जोडे घालणारा एक हॉबिट आहे! त्याची खरी ओळख पटेपर्यंत लेखकाला पुनःपुन्हा लिहावे लागले. तेव्हा पात्र ‘चालत येते’ याचा अर्थ इतकाच, की त्याच्यावर आपली इच्छा लादण्यापेक्षा हा लेखक थांबणे पत्करतो.

वाचकांना उत्तरे देतानाही त्याची हीच वृत्ती दिसते. एओविन आणि फॅरामीर यांचे प्रेम फार लवकर जुळले, अशी एका वाचकाची तक्रार होती. मोठ्या संकटाच्या काळात भावना आणि निर्णय लवकर परिपक्व होतात, असा आपला अनुभव आहे, हे त्यांचे उत्तर. टॉम बॉम्बाडिलचा खुलासा करण्याचे ते टाळतात. काही गोष्टी गूढच राहाव्यात, हे त्यांनी १९५४ सालीच नाओमी मिचिसन यांना कळविले होते.

परंतु या संग्रहाचा गाभा फ्रोडोविषयीच्या पत्रांत आहे. ज्वालामुखीच्या तोंडाशी पोहोचल्यावर फ्रोडो अंगठी टाकीत नाही. ती माझी आहे, असे म्हणतो. गॉलम त्याचे बोट तोडून ती हिसकावतो, तोल जाऊन अग्नीत पडतो, आणि कार्य सिद्धीस जाते. हा नायकाचा पराभव आहे. तरी लेखकाचे म्हणणे असे, की पत्रे लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो दिसला. आणि ज्यांना दिसला त्यांपैकी एकाने तर फ्रोडोला सन्मान कसला देता, देशद्रोही म्हणून देहदंड द्यावयास हवा होता, असे खडसावले. शक्तीबाहेरचे ओझे शेवटच्या पावलापर्यंत वाहून नेल्यानंतर जो मोडतो त्याला नैतिक अपराधी ठरविता येत नाही. त्याने पूर्वी गॉलमवर दाखविलेली दयाच अखेरीस कामी आली, असा टोल्कीन यांचा निर्वाळा आहे. केवळ निकालावरून माणसाचा गोपनीय अहवाल लिहिण्याची ज्यांना सवय जडली आहे, त्यांनी ही पत्रे अवश्य वाचावीत.

याच विषयावर एका वाचक बाईंना उद्देशून १९६३ साली केलेला मसुदा मला या सर्वांत श्रेष्ठ वाटतो. सॅम हे वाचकांचे सर्वांत लाडके पात्र. त्याच्यावरच लेखक इथे कठोर होतो. डोंगरातील पायऱ्यांवर झोपलेल्या फ्रोडोच्या गुडघ्याला गॉलम हळूच स्पर्श करतो. त्या क्षणी तो केवळ थकलेला, वृद्ध जीव असतो. सॅम जागा होतो आणि त्याला टाकून बोलतो. पश्चात्तापाचा अंकुर तिथेच करपतो. संपूर्ण कथेतील हा कदाचित सर्वांत करुण क्षण, असे टोल्कीन म्हणतात. आणि सॅमच्या स्वामिनिष्ठेत एक आत्मतुष्ट संकुचितपणा आहे, हेही ते लपवीत नाहीत. मी हा प्रसंग दोनदा वाचला होता. दोन्ही वेळा मी सॅमच्या बाजूने होतो.

लेखकाने असा खुलासा करावा काय, हा प्रश्न उरतोच. कादंबरीत जे उतरले नाही ते पत्राने सिद्ध होत नाही, हे तत्त्व मला मान्य आहे. पण इथे सारे काही कादंबरीत होतेच. सॅमवरील लोभामुळे ते आपल्याला दिसले नव्हते. माझा आक्षेप निराळा आहे. ही उत्तरे लिहिण्यात लेखकाचा फार काळ गेला. ज्या ‘सिल्मॅरिलियन’वर त्याचा खरा जीव होता तो ग्रंथ १९७३ साली त्याच्या मृत्यूसमयी अपुराच होता, १९७७ मध्ये तो मुलाने संपादून काढला. पाने पाने भरलेला तो १९६३ चा मसुदासुद्धा बहुतांशी टपालात पडलाच नाही. त्या बाईंना त्यातला थोडासाच भाग मिळाला.