बिनपोटाचा पाहुणा

पीटर ब्राउनची ‘द वाइल्ड रोबोट’ ही कादंबरी २०१६ साली अमेरिकेत आली आणि बघता बघता तिचे तीन भाग झाले. जहाज बुडतं, खोकी निर्मनुष्य बेटाच्या किनाऱ्याला लागतात आणि पाणमांजरांच्या खेळात त्यातली रॉझ नावाची यंत्रमानव चुकून सुरू होते. प्रकरणं अगदी छोटी, चित्रं लेखकानेच काढलेली, निवेदक मधूनच थेट वाचकाशी बोलणारा. निजण्यापूर्वी मुलांना वाचून दाखवायला फार सोयीचं पुस्तक.

माझी तक्रार रॉझच्या पोटाबद्दल आहे, म्हणजे ते नसण्याबद्दल. ती उन्हावर चालते. बेटावर ती कोणाच्या तोंडचा घास काढून घेत नाही, कोणाचा घास होतही नाही. अशा पाहुणीला आपलंसं करणं प्राण्यांना तसं स्वस्तातच पडतं. ब्राउनला ही अडचण कळलेली आहे. म्हणून तो पहाटेचा तह आणतो: तेवढा वेळ शिकार बंद, सगळ्यांनी कुरणावर जमायचं. कडाक्याच्या थंडीत तोच तह रॉझच्या निवाऱ्यात शिरतो. शिकारी आणि सावज एकाच शेकोटीपाशी झोपतात. शिकाऱ्याने तोवर काय खाल्लं, या प्रश्नाशी कथा फार वेळ थांबत नाही.

किपलिंग थांबला होता. १८९५च्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मधला तह घडतो वैनगंगेवर, जी पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते. दुष्काळात पात्रातला खडक उघडा पडला की हत्ती पाण्याचा तह पुकारतो. मग पाणवठ्यावर शिकार करणाऱ्याला मरणाची शिक्षा. तिथे वाघही खंगलेला, हरणंही खंगलेली. मायेचा संबंध नाही, टंचाईने केलेला तह आहे तो. किपलिंगच्या साम्राज्यवादावर बोट ठेवायला जागा पुष्कळ, पण भुकेच्या बाबतीत तो मुलांना फसवत नाही.

यंत्राला पोट देण्याची अक्कल दाखवली ती टेड ह्यूजने, १९६८च्या ‘द आयर्न मॅन’मध्ये. त्याचा लोहपुरुष शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि तारांची कुंपणं खातो. शेतकरी त्याला खड्ड्यात गाडतात, तो पुन्हा वर येतो. शेवटी होगार्थ नावाच्या पोराला सुचतं, याला भंगारखान्यात सोडा! गंजलेल्या लोखंडाच्या ढिगात लोहपुरुष सुखाने जेवायला बसतो आणि राहण्याचा प्रश्नही तिथेच सुटतो. पुढे ऑस्ट्रेलियाएवढा प्राणी आकाशातून उतरतो, तोही आल्या आल्या खायला मागतो. ह्यूज अजिबात हात आखडत नाही.

वन्य प्राण्यांच्या कादंबऱ्या या बाबतीत यंत्रांच्या कादंबऱ्यांपेक्षा प्रामाणिक निघतात, कारण प्राण्याला उपाशी ठेवून फार पानं ढकलता येत नाहीत. सेरा पेनीपॅकरच्या ‘पॅक्स’मधला (२०१६) कोल्हा माणसाच्या घरात वाढलेला, रानात सोडल्यावर त्याला शिकार कशी करायची हेच माहीत नसतं. रोझॅन पॅरीचा ‘अ वुल्फ कॉल्ड वाँडर’ (२०१९) ओआर-७ या खऱ्या लांडग्यावर बेतलेला आहे. तो ओरेगनमधला आपला कळप सोडून २०११च्या अखेरीस कॅलिफोर्नियात शिरला, आणि १९२४ नंतर त्या राज्यात नोंदला गेलेला तो पहिला रानटी लांडगा ठरला.

कॅथरिन ॲपलगेटच्या ‘द वन अँड ओन्ली आयव्हन’ची (२०१२) गोष्ट उलट्या टोकाची. या कादंबरीमागचा खरा गोरिला टॅकोमाच्या एका दुकानसंकुलात २७ वर्षं काँक्रीटच्या पिंजऱ्यात होता. १९९४ मध्ये त्याला अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. कादंबरीतल्या आयव्हनला खायला कमी पडत नाही, बाकी सगळं कमी पडतं. शेवटही प्राणिसंग्रहालयातच होतो, आणि ॲपलगेट त्याला जंगल म्हणत नाही. नव्या पुस्तकांत इतकं धीट काही मी फारसं वाचलेलं नाही.

ब्राउनची खरी ताकद दिसते ती अपघाताच्या प्रसंगात. रॉझ कड्यावरून कोसळते आणि तिच्यासोबत आलेल्या दगडांखाली हंसांचं घरटं चिरडतं. एक अंडं तेवढं वाचतं. पिल्लू वाढवण्याचं सगळं प्रेम या अपराधावर उभं आहे. इथे रॉझला जागा फुकट मिळत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. ख्रिस सँडर्सच्या २०२४च्या चित्रपटाने हा प्रसंग ठेवला, शिवाय फिंक कोल्ह्याला त्या अंड्यामागे लावलं. अंड्याची ती पळवापळवी चित्रपटात मला सगळ्यात आवडली. नंतर फिंक मिश्किल काका होतो, आणि त्याच्या जेवणाचं काय हे पटकथा सोयीस्करपणे विसरते.