नेम उंच धरण्याचें शास्त्र आणि शिकारी लेखन

बंदुकीवर बसवावयाची दुर्बीण कशी निवडावी हा कांहीं वाङ्मयाचा विषय नव्हे, असें रसिक वाचक म्हणतील. आम्हीही परवांपरवांपर्यंत तसेंच समजत होतों. परंतु आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत स्थायिक झाला आहे. तेथील मित्रांच्या संगतीनें त्याला एल्क नांवाच्या मोठ्या हरणाच्या (आपल्या सांबराचा थोरला भाऊच म्हणाना) शिकारीचा नाद लागला. त्यानें दुर्बिणी विकणाऱ्यांच्या आणि त्याविषयीं सल्ला देणाऱ्यांच्या पुस्तिकांचा एक गठ्ठा आम्हांकडे धाडला व सोबत लिहिलें कीं, "सर, बंदुकीचें आपल्याला कांहीं कळत नाहीं हें मला ठाऊक आहे, पण ह्यांतला कोणता लेखक खरें बोलतो, हें आपल्याला कळेल."

प्रश्न चतुर होता. आम्हीं उभ्या आयुष्यांत चाप ओढलेला नाहीं. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील हौशी शिकारीवर पडदा टाकला असल्यामुळें आतां ओढण्याचा संभवही नाहीं. परंतु कोणता लेखक वाचकाला विश्वासांत घेतो आणि कोणता त्याला नुसता हुरूप चढवितो, हें ओळखण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं आहेत. तेव्हां ह्या गठ्ठ्याकडे आम्हीं टीकाकाराच्या नजरेनें पाहिलें.

आधीं मूळ अडचण सांगितली पाहिजे. गोळी नळींतून सुटतांच खालीं पडूं लागते. .२७० विंचेस्टर ह्या १९२५ सालीं निघालेल्या प्रसिद्ध काडतुसाची १३० ग्रेन वजनाची गोळी घेतली व रायफलीचा नेम दोनशें यार्डांवर अचूक बसविला, तर तीनशें यार्डांवर ती सुमारें साडेसहा इंच, चारशेंवर दीड फुटाहून किंचित् अधिक, आणि पांचशें यार्डांवर सव्वातीन फूट खालीं लागते. पहिल्या शंभर यार्डांत साडेसहा इंच, दुसऱ्या शंभरांत त्याच्या दुप्पट, तिसऱ्यांत तिप्पट: पतनाचा हा वेग सावकाराच्या व्याजासारखा चढत जातो. म्हणून लांबच्या जनावरावर नेम धरतांना तो उंच धरावा लागतो. पण किती उंच? रिकाम्या आकाशांत दीड फूट मोजावयाचे कशानें? ह्यासाठीं दुर्बिणींतील उभ्याआडव्या तारांच्या छेदाखालीं आणखी खुणा आंखतात. तीनशें यार्डांना ही, चारशेंना ती, पांचशेंना त्याखालची. जनावर ज्या अंतरावर असेल त्या अंतराची खूण त्याच्या छातीवर ठेवावी, कीं नळी आपोआप तेवढी उचलली जाते. कोठें त्या आडव्या रेघा असतात, कोठें ठिपके, तर निकॉन कंपनीनें त्या जागीं लहान वर्तुळें घातलीं होतीं.

ह्या तारांची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. सतराव्या शतकांत विल्यम गॅस्कॉइन नांवाच्या तरुण इंग्रज ज्योतिर्विदानें, दुर्बिणींत जेथें प्रतिमा जुळते तेथेंच तंतु ताणला असतां प्रतिमा व तंतु दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात, हें हेरलें. त्याच्या दुर्बिणींत एक कोळी शिरून त्यानें नेमक्या त्याच जागीं धागा विणला, अशी आख्यायिका आहे. तो स्वतः १६४४ सालीं मार्स्टन मूरच्या रणांत पडला. तारे मोजण्यासाठीं निघालेली ही युक्ति पुढें रायफलीवर चढली. आणि १९६२ सालीं ओरेगॉनमधील ल्यूपोल्ड कंपनीनें कडेला जाड व मध्यें बारीक अशा तारांचें 'डुप्लेक्स' काढलें, तें तर सर्वत्र रूढ झालें. संधिप्रकाशांत बारीक तार हरवते, जाड तार जनावराला झांकते. त्या दोहोंमधली ही तडजोड आम्हांस फार सुबक वाटली.

आतां लेखकांकडे वळूं. ह्या विषयावर अमेरिकन लेखनांत दोन घराणीं आहेत, आणि त्यांचे मूळपुरुष म्हणजे जॅक ओकॉनर व एल्मर कीथ. ओकॉनर (१९०२–१९७८) आमचाच व्यवसायबंधु निघाला: तो इंग्रजीचा शिक्षक, पुढें ॲरिझोना विद्यापीठांत वृत्तलेखनाचा प्राध्यापक, दोन कादंबऱ्यांचा कर्ता, आणि मग 'आउटडोअर लाइफ' मासिकाच्या बंदूक-विभागाचा दीर्घकाळ लेखक. त्याचें 'द रायफल बुक' १९४९ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें गद्य निर्मळ आहे. चुकलेल्या गोळ्यांची हकिगत तो लपवीत नाहीं, आणि शेकोटीभोवतीं सांगितलेलीं अंतरें दुसऱ्या दिवशीं पावलांनीं मोजलीं तर कशीं आखडतात, हें त्याला पुरतें ठाऊक आहे. त्याचा उपदेश असा कीं, .२७० ची रायफल शंभर यार्डांवर तीन इंच उंच बसवावी. म्हणजे दोनशें यार्डांवर ती साडेतीनचार इंच उंच, पावणेतीनशेंच्या सुमारास नेमकी, व तीनशेंवर दोन इंचच खालीं लागेल; आणि तेथपर्यंत शिकाऱ्यानें कसलाही हिशेब न करितां सरळ छातीवर नेम धरावा. चौपट मोठें दाखविणारी साधी दुर्बीण त्याला बहुतेक कामांना पुरत असे. ह्या उपदेशांत एक मर्यादा न बोलतां सांगितली आहे. जेथें हिशेब सुरू होतो तेथें जवळ जाण्याचा विचारही सुरू व्हावा, ही ती मर्यादा होय.

ओकॉनरचे दोषही आम्हांस दिसतात. .२७० ची त्यानें इतकी वकिली केली आहे कीं, ती वाचून अशिलाचाच संशय यावा. आणि रानमेंढ्यांच्या शिंगांचीं मापें सुरू झालीं म्हणजे त्याचें चांगलें गद्यही सराफाच्या वहीसारखें होतें.

कीथ (१८९९–१९८४) अगदीं निराळा. तो आयडाहोमधील पशुपालक व वाटाड्या. त्याचें लेखन म्हणजे लिहिलेलें बोलणें. भारदस्त गोळीवर त्याची श्रद्धा, आणि लांबच्या नेमाची त्याला भारी हौस. पिस्तुलाच्या पुढच्या माशीवर तो सोन्याच्या आडव्या रेघा बसवून घेई, आणि अंतराप्रमाणें माशी मागच्या खांचेवर उचलून जनावर तिच्या टोंकावर तोलून धरी. म्हणजे आजच्या खुणांच्या दुर्बिणीचें तत्त्व त्याच्या हातांत उघड्या माशीवरच होतें. दुसऱ्याच्या गोळीनें आधींच जखमी झालेल्या एका हरणावर आपण सुमारें सहाशें यार्डांवरून पिस्तूल चालविलें, ही त्याची कथा प्रसिद्ध आहे. ती खरी कीं खोटी ह्यावर लोक अजून भांडतात. आम्हांस तींत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, आधींच्या गोळ्या वायां गेल्या, त्या कोठें पडल्या व त्यावरून आपण नेम कसा सुधारला, हें तो सांगतो. शिवाय जनावर आधींच जखमी होतें, तें तसेंच जाऊं देणें हा पर्याय नव्हता. परंतु वाचक ही अट विसरतो व सहाशें हा आंकडा लक्षांत ठेवतो. अपवाद इतक्या रसाळपणें सांगितला कीं तो नियम होऊन बसतो, ही कीथच्या लेखणीची खोड.

आजच्या पुस्तिका ह्या कीथच्या वंशांतल्या. मात्र त्याचा प्रामाणिकपणा तेवढा त्यांत उतरलेला नाहीं. गठ्ठ्यांतील बहुतेक पुस्तिकांत वाक्यरचना एकच: तुम्हीं खूण ठेवलीत, कीं गोळी तेथें लागली. ह्या 'कीं'च्या पोटांत किती गोष्टी दडपल्या आहेत! त्या खुणा एका विशिष्ट वेगाच्या व विशिष्ट आकाराच्या गोळीसाठीं आंखलेल्या असतात. काडतूस बदललें कीं खुणांचा अर्थ बदलतो. कोलोरॅडोंतील एल्कचीं कुरणें आठदहा हजार फूट उंचीवर असतात. तेथें हवा विरळ, म्हणून गोळी कमी अडते व कमी पडते. त्याहून घातक गोष्ट प्रतिमेच्या मोठेपणाची. कमीजास्त मोठें दाखविणाऱ्या पुष्कळशा शिकारी दुर्बिणींत तारा मागच्या प्रतिमास्थानीं बसविलेल्या असतात. चित्र लहानमोठें होतें, पण खुणा तेवढ्याच राहतात. त्यामुळें त्यांचें माप एकाच ठिकाणीं, बहुधा सर्वांत मोठ्या प्रतिमेवर, खरें असतें. प्रतिमा निम्मी केली तर प्रत्येक खुणेचें माप दुप्पट होतें. पहांटे दाट झाडींत शिरतांना शिकाऱ्यानें दुर्बीण लहान प्रतिमेवर ठेवली, आणि मग उघड्यावर एकाएकीं कळप दिसला, तर चारशेंची खूण ठेवणारा मनुष्य जनावराच्या पाठीवरून दीड फूट उंच गोळी धाडील. हें एका पुस्तिकेंत शेवटच्या पानावर, बारीक टाइपांत आहे. तारा पुढच्या प्रतिमास्थानीं बसविल्या तर खुणा चित्राबरोबर वाढतात व हा घोटाळा टळतो. परंतु मग लहान प्रतिमेवर त्या इतक्या बारीक होतात कीं संध्याकाळीं दिसतच नाहींत.

आणि वारा? ताशीं दहा मैलांचा आडवा वारा हीच गोळी चारशें यार्डांवर सुमारें फूटभर बाजूला नेतो. एल्कच्या छातीचा मर्मभाग तो केवढा, साधारण फूटभरच. अंतर आतां किरणांच्या यंत्रानें क्षणांत कळतें. पूर्वी तें डोळ्यानें अजमावतांना पन्नास यार्डांची चूक सहज होई, आणि साडेचारशेंच्या आसपास तेवढ्या चुकीनें गोळी आठनऊ इंच हुके. हा यंत्राचा खरा उपकार आहे. पण दरीच्या मध्यावर कोणता वारा वाहतो हें तें यंत्र सांगत नाहीं, आणि पांचशें यार्ड जावयाला गोळीला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळांत हरीण पाऊल टाकील कीं नाहीं हेंही सांगत नाहीं. थिओडोर रूझव्हेल्ट प्रभृतींनीं १८८७ सालीं स्थापिलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारींतील न्याय्य वर्तनाचा आग्रह धरीत आला आहे. अतिदूरच्या नेमाविषयीं त्यानें नापसंती दर्शविली ती उगीच नव्हे. गंमत अशी कीं, ह्या क्लबाचें नांव धारण केलेल्या खुणांच्या ताराही बाजारांत आल्या.

हें सर्व वाचतांना आम्हांस रघुवंशाच्या नवव्या सर्गाची वारंवार आठवण होत होती. त्या एकाच सर्गांत दशरथाचे दोन नेम आहेत. एकदां तो हरणावर बाण रोखतो. हरिणी मध्यें येऊन आपल्या जोडीदाराला शरीरानें झांकते. आणि कानापर्यंत ओढलेली प्रत्यंचा राजा सैल सोडतो. पुढें तमसेच्या कांठीं घडा भरल्याचा आवाज ऐकून, तो हत्तीच असे समजून, तो शब्दवेधी बाण सोडतो, आणि तपस्व्याचा मुलगा पडतो. दुसऱ्या प्रसंगीं कौशल्य कितीतरी मोठें. पण पहिल्या प्रसंगीं जनावर राजाला दिसत होतें. पुस्तिकाकारांची सगळी प्रतिभा शब्दवेधावर खर्च झाली आहे.

विद्यार्थ्याला आम्हीं उत्तर लिहिलें तें असें: ओकॉनरचें पुस्तक आधीं वाच. दुर्बीण घेणेंच असेल तर लहान प्रतिमेची, छेदाखालीं दोनतीनच खुणा असलेली घे. त्या खुणा कारखान्याच्या कागदावरून मानूं नकोस, आपल्याच काडतुसानें, आपल्याच डोंगरांत, त्या त्या अंतरावर पुठ्ठ्यावर गोळ्या झाडून त्यांचें माप लिहून ठेव. त्यांपैकीं शेवटची खूण शिकारींत वापरूं नकोस. आणि ज्या लेखकानें जखमी जनावराविषयीं कांहींच लिहिलेलें नाहीं, त्याचें दुर्बिणीविषयींचें मतही बाजूला ठेव.

ही शेवटची कसोटी आम्हांस जिम कॉर्बेटनें शिकविली. 'मॅनईटर्स ऑफ कुमाऊं' (१९४४) ह्या पुस्तकांत चंपावतच्या वाघिणीची कथा आहे. १९०७ ची ती गोष्ट. रायफलीचीं काडतुसें संपलेलीं, वाघीण जखमी होऊन समोर उभी; कॉर्बेट धांवत जाऊन तहसीलदाराची जुनी, नीट न मिटणारी बंदूक आणतो आणि वीस फुटांवरून नेम धरतो तिच्या उघड्या जबड्यावर. गोळी लागते पंजाला. वाघीण मेली ती आधींच्या जखमांनीं. वीस फुटांवरून आपला नेम हुकला हें त्यानें जसेंच्या तसें छापून ठेविलें आहे. आमच्या गठ्ठ्यांतील सतरा पुस्तिकांत पांचशें यार्डांवरूनही एकाचाही नेम हुकलेला नाहीं.